नागपुरातील स्वतंत्र कलाकार आणि कारागिरांचा छोटा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रे काढणारे, माती, लाकूड, कापड, कागद किंवा धातू यांतून हाताने वस्तू घडवणारे आणि त्या कामावर घर चालवू पाहणारे नागपूर व परिसरातील लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कर आणि शासकीय योजना यांचे नियम बदलत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू नियम संबंधित शासकीय संकेतस्थळावर किंवा आपल्या करसल्लागाराकडून तपासून घ्यावेत.

मी हौसेने वस्तू करतो आणि अधूनमधून विकतो. याला व्यवसाय म्हणायचे का?

आपण नफ्याच्या हेतूने नियमितपणे विकत असाल, तर तो व्यवसाय आहे. मग काम घरच्या गच्चीवर होत असो की भाड्याच्या गाळ्यात. या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी तीन महिने प्रत्येक विक्री, प्रत्येक खर्च आणि प्रत्येक दिवशी दिलेले तास एका वहीत लिहावेत असे मी सुचवतो. तासांची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ बहुधा तेथेच असते: माल विकला जातो, पैसा हातात दिसतो, पण करणाऱ्याची मजुरी त्यात कोठेच धरलेली नसते.

सुरुवातीला कोणत्या नोंदण्या कराव्या लागतात?

एकट्याचा व्यवसाय असेल तर तो मालकी पद्धतीचा व्यवसाय ठरतो आणि त्यासाठी वेगळी संस्था स्थापन करावी लागत नाही. आपले स्वतःचे पॅन हेच व्यवसायाचे पॅन असते. पहिली नोंदणी केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर करावी. ही व्यवस्था १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या, शासकीय संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध राहावे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म उद्योग मानला जातो. म्हणजे या पानाचे जवळजवळ सगळे वाचक त्यात येतात.

दुकान किंवा कार्यशाळा असेल आणि एक-दोनच मदतनीस असतील, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली पूर्ण नोंदणीची गरज नसते, ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते. या सूचनेची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र हे दोन कागद चालू खाते उघडताना बँकेत उपयोगी पडतात. पुढे जीएसटी नोंदणी घेतली की व्यवसाय कराची (प्रोफेशन टॅक्स) वार्षिक २,५०० रुपयांची जबाबदारीही येते, ती विसरू नये.

बँक खाते वेगळे असलेच पाहिजे का?

होय, आणि पहिल्या महिन्यापासून. घरखर्चाच्या खात्यातच विक्रीचे पैसे येत राहिले तर रंगाच्या डब्यांचा खर्च किती आणि किराण्याचा किती, हे वर्षाअखेरीस कोणालाच सांगता येत नाही. चालू खाते परवडत नसेल तर निदान एक स्वतंत्र बचत खाते फक्त या कामासाठी ठेवून सुरुवात करावी, आणि व्यवसायाच्या नावाने धनादेश येऊ लागले की चालू खाते उघडावे.

खात्यावर जमा होणाऱ्या रकमेचा प्राप्तिकराशीही संबंध आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर रोखीच्या विक्रीचे ८ टक्के आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीचे ६ टक्के एवढे किमान उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येते. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा लागतो. ही सवलत घेतली तरी आपली रोजची नोंदवही बंद करू नये. ती आपल्यासाठी असते.

वस्तूची किंमत कशी ठरवावी?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण चांगले हात असलेले कितीतरी लोक केवळ येथे चुकल्यामुळे दोन-तीन वर्षांत काम सोडतात.

आधी आपल्या तासाचा दर काढावा. समजा, आपल्याला महिन्याला २५,००० रुपये हवे आहेत. पंचवीस दिवस रोज आठ तास म्हणजे २०० तास. पण ते सगळे तास वस्तू घडवण्यात जात नाहीत. गांधीबागेतून कापड आणणे, इतवारीतून सामान आणणे, गिऱ्हाइकांचे फोन, पॅकिंग, हिशेब, कुरिअरच्या फेऱ्या यांत त्यांतील बराच वेळ जातो. प्रत्यक्ष घडवण्याचे १२० तास धरले, तर २५,००० भागिले १२० म्हणजे तासाला सुमारे २०८ रुपये होतात. २०० तासांनी भागून १२५ रुपये धरणारा माणूस उरलेले ८० तास फुकट राबतो.

आता एक लाकडी, हाताने रंगवलेला नंदी घेऊ. लाकूड, चाके, रंग आणि वार्निश मिळून १८० रुपये. अडीच तास काम, तासाला २०० रुपयांनी ५०० रुपये. तुटफूट आणि वाया गेलेले नग यांपोटी ३० रुपये. भाडे, वीज आणि हत्यारांची झीज यांचा वाटा ९० रुपये. एकूण ८०० रुपये झाले. त्यावर १०० रुपये नफा धरला तर ठोक दर ९०० रुपये होतो. दुकानदार किरकोळ किमतीचा एक तृतीयांश घेत असेल, तर किरकोळ किंमत १,३५० रुपये ठेवावी लागेल. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: मजुरी आपल्या पोटाची, नफा व्यवसायाचा, ज्यातून पुढच्या हंगामाचे लाकूड आणि नवी करवत येते.

ही किंमत बाजारात चालणार नाही असे वाटले, तर मजुरीवर पाणी सोडण्यापूर्वी कामाची पद्धत पाहावी. वीस नग एकदम कापले, एकदम घासले, पहिला हात एकदम दिला आणि फक्त डोळे, शिंगे व झुलीचे नक्षीकाम एकेकटे केले, तर नगामागे दीड तास पुरू शकतो. मग मजुरी ३०० रुपये, एकूण खर्च ६०० रुपये, ठोक दर ७०० रुपये आणि किरकोळ किंमत १,०५० रुपये होते. वेळ वाचवूनही किंमत बसत नसेल, तर ती वस्तू आपल्या व्यवसायाची नाही हे मान्य करावे. हौसेने एखादी जरूर करावी, पण तिच्यावर घर चालणार नाही.

प्रदर्शनात मी स्वतःच विकतो. मग किरकोळ किमतीतून दुकानदाराचा हिस्सा कमी करून स्वस्तात द्यावे का?

देऊ नये. स्टॉलचे भाडे, तेथे दिवसभर उभे राहण्याची मजुरी, माल नेण्याआणण्याचा टेम्पो हे सारे दुकानदाराच्या जागी आपण सोसत असतो, आणि तो हिस्सा त्याचाच मोबदला आहे. शिवाय धरमपेठेतल्या दुकानात १,०५० रुपयांना असलेली वस्तू आपण स्टॉलवर ७०० रुपयांना विकली, तर तो दुकानदार पुढच्या वेळी आपला माल ठेवणार नाही, आणि त्याचे चुकलेले नसेल.

«बर्डीवर हेच दोनशे रुपयांना मिळते» असे गिऱ्हाईक म्हणाले तर काय उत्तर द्यावे?

शांतपणे फरक दाखवावा: लाकूड कोणते, रंग विषारी नाहीत हे कसे, सांधा कसा बसवला आहे, तुटल्यास दुरुस्त करून मिळेल का. ज्याला साच्यातली वस्तू हवी आहे त्याला ती सीताबर्डीवर सुखाने घेऊ द्यावी. घासाघीस होणार हे गृहीत धरून किंमत फुगवून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही, कारण न बोलता पैसे देणारे भले गिऱ्हाईक त्यात नाडले जाते. त्याऐवजी दोनशे-तीनशे रुपयांत बसणारी, पण पूर्णपणे आपल्या हातची एक छोटी वस्तू संग्रहात ठेवावी. ज्याला मोठी परवडत नाही तोही मग रिकाम्या हाताने जात नाही.

दुकानदार माल जांगडावर मागतात. द्यावा का?

ओळखीच्या, चालत्या दुकानात आणि मोजक्या नगांपुरता द्यावा. जांगडात माल विकला गेल्यावरच पैसे मिळतात, म्हणजे दुकानदाराच्या फळीवर आपले भांडवल अडकून राहते. म्हणून देतानाच दोन प्रतींत कागद करावा: प्रत्येक नगाचे वर्णन आणि किंमत, दुकानदाराचा हिस्सा, हिशेबाची तारीख, न विकलेला माल परत घेण्याची मुदत, आणि दुकानात असताना वस्तू फुटली, मळली किंवा हरवली तर भरपाई कोणी करायची. हे शेवटचे कलम लिहून घेण्याचा लोकांना संकोच वाटतो, पण वाद नेमका त्यावरच होतो. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन नग मोजावेत. दुकानदार रोखीने ठोक खरेदी करायला तयार असेल, तर जांगडापेक्षा थोडा कमी दर पत्करूनही तेच करावे.

जीएसटी नोंदणी केव्हा घ्यावी लागते?

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख रुपये आहे, आणि सेवा देणाऱ्यांसाठी २० लाख रुपये. आपण वस्तू विकता आणि त्याबरोबर शुल्क घेऊन चित्रकलेचे किंवा मातीकामाचे वर्गही चालवता, तर आपण केवळ वस्तू विकणारे राहत नाही, आणि दोन्ही मिळून मर्यादा २० लाखांची होते.

नागपूरकरांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग राज्याबाहेरच्या विक्रीचा आहे. आपले गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपेक्षा छिंदवाडा, शिवनी, बालाघाट किंवा रायपूरचे असण्याची शक्यता बरीच असते, आणि कुरिअरने वस्तू तिकडे पाठवली की ती आंतरराज्य विक्री ठरते. सामान्य नियमाने वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आवश्यक असते. मात्र अधिसूचनेतील यादीत असलेल्या, प्रामुख्याने हाताने बनवलेल्या हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे: एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असावी, पॅन असावे आणि मालासोबत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, काढावे. आपली वस्तू त्या यादीत बसते की नाही, हे करसल्लागाराकडून एकदा लेखी घ्यावे.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकायचे असेल तर नियम आणखी वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतील छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, अशा बाजारपेठांवर माल विकता येतो. पण फक्त आपल्याच राज्यात. त्यांच्यामार्फत राज्याबाहेर विकायचे असेल तर नोंदणी घ्यावीच लागते.

दरांबद्दल सांगायचे तर हाताने काढलेली चित्रे, मूळ शिल्पे आणि अनेक हस्तकला वस्तू यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि मातीच्या मूर्तींवर कर नाही. एक सूचना आवर्जून करतो: नोंदणी नसताना बिलावर जीएसटीच्या नावाने कोणतीही रक्कम आकारू नये. तो कायद्याचा भंग आहे.

माझ्या वस्तूला वेगळा परवाना लागेल का?

चित्रे, भरतकाम, मातीची भांडी यांना सहसा लागत नाही. हाताने बनवलेला साबण, उटणे किंवा क्रीम हे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो, आणि तो स्वयंपाकघरातून चालवलेल्या कामाला मिळणे कठीण असते. या मार्गाला लागण्यापूर्वी याचा विचार नक्की करावा. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. बंद पाकिटात माल विकताना त्यावर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, नग किंवा वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो.

खेळण्यांचा विषय स्वतंत्र आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र यातून वगळले आहे. म्हणून लाकडी किंवा कापडी खेळणी करणाऱ्यांनी हस्तशिल्प कारागिराचे ओळखपत्र काढून ठेवावे.

नागपुरात माल कोठे आणि केव्हा विकला जातो?

येथील विक्रीचे वर्ष सणांवर चालते. सर्वांत गर्दीचे दिवस पोळ्यापासून सुरू होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा असतो. भोसलेकाळापासून चालत आलेल्या या सणाला लहान मुले लाकडी नंदी घेऊन निघतात, आणि नव्या नागपुरातल्या सोसायट्यांतही आता त्याच्या सजावटीच्या स्पर्धा होतात. त्यानंतर तीनच दिवसांनी गणेश चतुर्थी येते. चितारओळीतील मूर्तिकार या काळासाठी कित्येक महिने आधीपासून काम करतात. नव्याने येणाऱ्यानेही ज्येष्ठ संपण्यापूर्वी आपले कच्चे काम पूर्ण केलेले असावे. कारण पावसाळा लागला की माती आणि रंग दोन्ही वाळायला वेळ घेतात आणि लाकूड दमट होते.

नवरात्रानंतर दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात. तेथे पुस्तकांबरोबर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या मूर्ती, चित्रे, पदके यांची मोठी खरेदी होते. श्रद्धेने आलेल्या या माणसांना आपण काय देतो याला महत्त्व आहे: चेहरा नीट न उतरलेली घाईची मूर्ती कमी किमतीत देण्यापेक्षा छोटी पण रेखीव मूर्ती द्यावी. मग दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील आणि भेटवस्तू येतात. हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरणारा हस्तकला मेळा हा नव्या कारागिराने एकदा तरी केवळ पाहण्यासाठी फिरावा असा आहे. इतर राज्यांतील कारागीर मांडणी कशी करतात, किमतीच्या चिठ्ठ्या कशा लावतात, गिऱ्हाइकाशी काय बोलतात, हे तेथे जवळून दिसते.

एप्रिल आणि मे हे विक्रीचे महिने नव्हेत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी कोणीही प्रदर्शनाला येत नाही, आणि आयोजक कितीही आग्रह करोत, उघड्या मैदानावरचा उन्हाळी स्टॉल सहसा भाडेही वसूल करत नाही. ते महिने माल करून ठेवण्यासाठी आणि संस्थांच्या दिवाळी भेटींच्या मागण्या मिळवण्यासाठी वापरावेत. कार्यालये दिवाळीच्या भेटी ऑगस्टच्या सुमारास ठरवू लागतात, म्हणून नमुने जुलैमध्ये त्यांच्या टेबलावर असावेत.

उन्हाळ्यात पार्सल पाठवताना काय काळजी घ्यावी?

मेणबत्त्या, मेणाचा लेप असलेल्या वस्तू आणि काही प्रकारचे रेझिन काम एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पाठवूच नये, किंवा गिऱ्हाइकाला पावसानंतरची तारीख द्यावी. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते. ऑइल रंगातले चित्र पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नये, आणि ॲक्रिलिक चित्राच्या पृष्ठभागाला प्लॅस्टिक थेट लावू नये, ते उष्णतेने चिकटते; मध्ये बिनआम्लाचा कागद किंवा निदान बटर पेपर ठेवावा. मातीची भांडी एकात एक अशा दोन खोक्यांत, मध्ये चारही बाजूंनी किमान दोन इंच भरण ठेवून पाठवावीत. खोके हलवल्यावर आतून आवाज आला तर ते पुन्हा भरावे.

मागणीवर चित्र किंवा मूर्ती करून देताना व्यवहार कसा ठरवावा?

विसार घेतल्याशिवाय रंगाला हात लावू नये. एकूण किमतीच्या निम्मी रक्कम विसार म्हणून घेणे योग्य आहे. मोठ्या भिंतीचित्रासाठी तीन हप्ते करावेत, विसार, कच्चे रेखाटन मंजूर झाल्यावर दुसरा आणि काम सोपवताना उरलेला. मंजूर रेखाटनानंतर किती बदल किमतीत धरले आहेत आणि पुढच्या बदलांचे पैसे किती, हेही आधीच लिहावे. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही चालतो, फक्त तो स्पष्ट असावा आणि समोरच्याने «मान्य» असे उत्तर दिलेले असावे.

कॉपीराइटबद्दलची एक गोष्ट फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्र निर्माण होताच कॉपीराइट आपोआप निर्माण होतो आणि तो सहसा चित्रकाराचा असतो. परंतु एखाद्याने मोबदला देऊन चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम करवून घेणारा ठरतो. म्हणजे त्याच चित्राच्या छापील प्रती आपण पुढे विकू इच्छित असाल, तर «कॉपीराइट चित्रकाराकडे राहील» हे वाक्य करारात असलेच पाहिजे. हक्क द्यायचेच असतील तर ते लेखी, कोणत्या वापरासाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे नमूद करून द्यावेत. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

माझ्या नक्षीची नक्कल होऊ लागली आहे. काय करता येईल?

पहिल्यांदा तारखांसह पुरावे जमवावेत: रेखाटने, छायाचित्रे, पहिली बिले. त्यानंतर नक्कल करणाऱ्याला लेखी कळवावे. बरीच प्रकरणे येथेच मिटतात.

पुढे मात्र एक गाठ आहे. नक्षी जर डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी असेल, पण नोंदवलेली नसेल, आणि ती लावलेल्या वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा काढल्या गेल्या असतील, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. म्हणून जी नक्षी कापडावर, टाइलवर किंवा मगवर मोठ्या संख्येने छापायची आहे, तिची २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी, आणि ती बाजारात किंवा इन्स्टाग्रामवर आणण्यापूर्वीच. प्रसिद्ध झालेली नक्षी नवी राहत नाही. संरक्षण दहा वर्षांचे असते आणि पाच वर्षांनी वाढवता येते. व्यवसायाच्या नावासाठी ट्रेडमार्क घ्यावा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे.

परंपरागत नक्ष्यांचे तसे नाही. विदर्भाच्या करवतकाठी साड्या व वस्त्रांना भौगोलिक मानांकन आहे. ती कोणा एकाची मालमत्ता नाही, आणि नोंदणीकृत वापरकर्ता झाल्याशिवाय ते मानांकन आपल्या मालावर लावता येत नाही.

भांडवल कोठून उभे करावे?

माझे मत स्पष्ट आहे: पहिले वर्ष विसार आणि स्वतःच्या बचतीवर काढावे आणि कर्ज यंत्रासाठी घ्यावे, स्टॉलच्या भाड्यासाठी नव्हे. कर्ज घ्यायचे ठरले तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. कुंभार, सुतार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारे आणि शिंपी त्यांत येतात, चित्रकार येत नाहीत. तिच्यात काही दिवसांचे प्रशिक्षण आणि रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपये अशी सोय आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मोठ्या प्रकल्पासाठी सिव्हिल लाइन्समधील उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांची चौकशी करावी.

मोठ्या संस्थेने माल घेतला, पण पैसे देत नाही. उपाय आहे का?

आहे, आणि त्यासाठीच उद्यम नोंदणी मालाच्या आधी झालेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार शासनाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. आपल्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापून ठेवावा.

नोकरी केव्हा सोडावी आणि मदतनीस केव्हा ठेवावा?

सलग एका वर्षाच्या हिशेबात, म्हणजे सणांच्या महिन्यांबरोबर एप्रिल-मेचा रिकामा काळही धरून, आपल्या तासांची पूर्ण मजुरी निघत असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तेव्हा नोकरी सोडण्याचा विचार करावा. पोळा ते दिवाळी या दोन महिन्यांच्या कमाईवरून निर्णय घेऊ नये.

मदतनीस आधी घासकाम, पॅकिंग आणि पोहोचवणे यांसाठी ठेवावा, कारण या कामांचा दर आपल्या नक्षीकामाच्या दरापेक्षा कमी असतो आणि तेवढे तास आपल्याला परत मिळतात. त्याची मजुरी आपण आपल्यासाठी काढली त्याच पद्धतीने काढावी, ठरलेल्या दिवशी द्यावी आणि वस्तूच्या किमतीत धरावी. हंगामात जादा थांबल्यास जादा पैसे देण्याचेही कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवावे.